गन्स एन' रोझेस मुंबईत एकच रात्र का? हार्ड रॉक बँडचा जागतिक दौरा नेमका कसा ठरतो

प्रश्न थोडक्यात असा: १७ मे २०२५ ला महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स एन' रोझेस पाहिला. २०१२ नंतर हा बँड पहिल्यांदाच भारतात आला, एक रात्र वाजवली आणि गेला. असा दौरा ठरतो कसा, एवढं सामान फिरतं कसं, तिकीट इतकं महाग का, आणि बरेचसे हार्ड रॉक बँड भारताला वळसा घालून पुढे का जातात? शिवाय या क्षेत्रात काम करायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

मी आयोजकाच्या बाजूने प्रॉडक्शन सांभाळतो. बँड विमानतळावर उतरण्याआधी मैदानात जे काही उभं राहतं आणि बँड गेल्यावर जे उतरवलं जातं, ते माझ्यासारख्यांचं काम. महालक्ष्मीच्या त्या कार्यक्रमात माझा हात नव्हता, त्यामुळे त्याच्या आतल्या गोष्टी मी सांगणार नाही. पण दौरे कसे चालतात ते जवळून बघितलेलं आहे, त्यावरून लिहितो.

पहिली गोष्ट समजून घ्या. मोठ्या बँडचा दौरा आखताना चाहते कुठे जास्त आहेत एवढंच बघून भागत नाही. माल कुठून कुठे, किती दिवसांत, किती पैशांत जाईल यावर सगळं ठरतं. तुमचं शहर दोन पक्क्या तारखांच्या मधे, मालाच्या वाटेवर येत असेल आणि तिथे माल उतरवायला नीट जागा असेल, तर तारीख मिळते. नाहीतर लाखो चाहते असूनही मिळत नाही. आपल्याकडे लोक म्हणतात की परदेशी बँडना भारताची किंमत नाही. मला ते अजिबात पटत नाही. किंमत आहे, पण वाटेत आपण बसत नाही.

२०२५ च्याच दौऱ्याकडे बघा. आधी मध्यपूर्व आणि युरोपच्या तारखा जाहीर झाल्या: २३ मे रियाध, २७ मे अबू धाबी, मग जॉर्जिया, इस्तंबूल आणि पुढे युरोपभर, थेट ३१ जुलैला जर्मनीतल्या वाकन महोत्सवापर्यंत. आशियाच्या तारखा मागाहून जोडल्या गेल्या. १ मे ला दक्षिण कोरियातलं इंचॉन, ५ मे ला जपानमधलं योकोहामा आणि १७ मे ला मुंबई. म्हणजे पूर्व आशियातून आखाताकडे जाताना मुंबई वाटेवर आली. रियाधची तारीख आधी पक्की नसती, तर मुंबईची रात्र झाली असती का, याबद्दल मला शंका आहे. गिटारवादक स्लॅश आणि बेसवादक डफ मकेगन यांना या बँडमधे एकत्र वाजवताना भारताने त्या रात्री पहिल्यांदा पाहिलं. २०१२ च्या डिसेंबरात बंगळुरू, मुंबई आणि गुडगाव अशा तीन कार्यक्रमांना अ‍ॅक्सल रोझ हा गायक होता, पण हे दोघे नव्हते.

दौऱ्याचं वेळापत्रक बसवताना बुकिंग एजंट आधी खुंट्या ठोकतो. मोठे महोत्सव, मोठी स्टेडियम्स आणि जिथून भरघोस हमी रक्कम मिळते असे देश, या तारखा आधी पक्क्या होतात. मग मधल्या जागा भरायच्या. मैदानांच्या तारखा महिनोन्‌महिने आधी 'होल्ड' करून ठेवतात. पहिला होल्ड एका आयोजकाचा, दुसरा दुसऱ्याचा, आणि वरचा सोडून गेला की खालचा पुढे सरकतो. एवढी घाई कशासाठी, तर क्रूचे पगार, हॉटेलं, भाड्याची यंत्रसामग्री, विम्याचे हप्ते हे सगळं बँड वाजवो न वाजवो, रोज चालू असतं. रिकामा दिवस म्हणजे निव्वळ खर्च. तरीही मुंबई आणि रियाधच्या तारखांमधे सहा दिवसांचं अंतर दिसतं. माल बांधणं, कस्टम, विमान, पुन्हा कस्टम आणि पुन्हा उभारणी यांना तेवढी सवड लागते, आणि साठी ओलांडलेल्या गायकाच्या गळ्यालाही.

आता माल. दौऱ्याचं सामान साधारण तीन थरांत विभागलेलं असतं. तळाला स्टील, म्हणजे स्टेजचा सांगाडा, छप्पर, मनोरे. त्यावर प्रॉडक्शन: दिवे, एलईडी पडदे, स्पीकर, केबल. सगळ्यात वर बँडचं स्वतःचं सामान, ज्याला आम्ही बॅकलाइन म्हणतो: गिटारी, अ‍ॅम्प, ड्रम, मॉनिटरची यंत्रणा, कानातले रिसीव्हर. स्टीलला उभं राहायला तीन-चार दिवस लागतात, म्हणून मोठ्या स्टेडियम दौऱ्यात स्टीलचे दोन किंवा तीन संच असतात. एका शहरात कार्यक्रम चालू असताना दुसरा संच पुढच्या शहरात उभा राहतो आणि तिसरा त्यापुढच्या शहराच्या रस्त्याला लागलेला असतो. यू-टू या बँडच्या २००९ ते २०११ च्या दौऱ्यात तो अवाढव्य चार पायांचा सांगाडा एकच नव्हता, तीन होते. वारीत दिंडीचा ट्रक पुढच्या मुक्कामी आधी जाऊन राहुट्या ठोकतो, चूल पेटवतो, आणि वारकरी पोचेपर्यंत सगळं तयार असतं. ही पद्धत तशीच आहे. फक्त इथे एका राहुटीचं वजन शेकडो टन असतं.

हे युरोप-अमेरिकेत जमतं, कारण तिथे एका शहरातून दुसऱ्या शहरात ट्रक रात्रीत पोचतात. आशियात तसं नाही. सोलहून मुंबईला ट्रक जात नाही. म्हणून आशियाच्या टप्प्यावर बँड बहुतेक वेळा स्टील, दिवे, स्पीकर त्या त्या देशात भाड्याने घेतात आणि फक्त बॅकलाइन आणि नियंत्रणाची यंत्रणा विमानाने आणतात. काही बँड बॅकलाइनचे दोन संच करतात. एक विमानाने फिरतो, दुसरा जहाजाने आधीच पुढच्या खंडाकडे निघालेला असतो. जहाज स्वस्त, पण त्याचा भरवसा कमी. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बरीचशी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि युरोप-न्हावाशेवा प्रवासात दहा-पंधरा दिवसांची भर पडली. ज्यांचं वेळापत्रक जहाजावर बेतलेलं होतं, त्यांचा जीव टांगणीला लागला.

या अडचणीवरचा सगळ्यात धाडसी तोडगा आयर्न मेडनने काढला. त्यांना हेवी मेटल म्हणा, पण दौऱ्याच्या शास्त्रात हार्ड रॉकवाले त्यांचेच विद्यार्थी आहेत. २००८ मधे त्यांनी एक बोइंग ७५७ भाड्याने घेतलं, मागच्या खुर्च्या काढून तिथे सुमारे १२ टन सामानाची सोय केली, आणि बँड, क्रू, माल सगळं एकाच विमानात. चालवायला गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः, कारण तो परवानाधारक व्यावसायिक वैमानिक होता. त्या दौऱ्याचा पहिला कार्यक्रम कुठे झाला? १ फेब्रुवारी २००८, मुंबई, वांद्रे-कुर्ला संकुलातलं एमएमआरडीए मैदान. तिथून पुढचा मुक्काम पर्थ, मग मेलबर्न, सिडनी, जपान, अमेरिका. लंडनहून ऑस्ट्रेलियाला जाताना मुंबई वाटेत पडते. ७५७ ला एका दमात तेवढं अंतर जमत नाही. इतिहासात ती रात्र भारतप्रेम म्हणून नोंदली गेली. प्रेम होतंच, मी ते नाकारत नाही, पण नकाशाने साथ दिली नसती तर ते प्रेम पर्थला उतरलं असतं.

एकाच विमानावर भिस्त ठेवण्याचा धोकाही त्यांनीच दाखवून दिला. मार्च २०१६ मधे चिलीतल्या सँतियागो विमानतळावर त्यांचं त्या वेळचं मोठं विमान, बोइंग ७४७, इंधन भरण्यासाठी ओढून नेताना टो-ट्रकवर आदळलं. विमानतळावरचे दोन कर्मचारी जखमी झाले आणि दोन इंजिनं निकामी झाली. दुसऱ्या दिवशी अर्जेंटिनात कोर्दोबाला कार्यक्रम होता. माल दुसऱ्या मार्गाने हलवला आणि कार्यक्रम झाला. बाहेरच्याला ही छोटी बातमी वाटेल. माझ्यासारख्याला त्या एका रात्री किती फोन झाले असतील, कुणी कुणाला झोपेतून उठवलं असेल, याचा अंदाज येतो आणि त्या क्रूबद्दल मनापासून आदर वाटतो.

माल देशात आणायचा तर कागद. त्यासाठी एटीए कार्ने नावाची सोय आहे. तिला मालाचा पासपोर्ट म्हणतात. बँडच्या देशातली व्यापारी संघटना ती देते, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष, आणि भारतात तिची हमी फिक्की ही संस्था घेते. कार्नेमुळे प्रत्येक देशात आयातशुल्क भरून परत मागायची कटकट वाचते. पण यादीत प्रत्येक वस्तू लिहावी लागते: नाव, सीरियल नंबर, वजन, किंमत, कुठल्या देशात बनलेली. शेकडो ओळींची यादी असते. गिटार टेक्निशियनने वाटेत एखादा खराब अ‍ॅम्प बदलला आणि यादीत दुरुस्ती केली नाही, तर तो अ‍ॅम्प कस्टमला दिसतो, कागदावर दिसत नाही. मग सगळा माल तिथेच अडकून पडतो. रविवार असेल तर विचारूच नका. म्हणून माझ्या पथकात मी गिटार ओळखणाऱ्याच्या आधी यादी वाचणारा माणूस घेतो. कानातले रिसीव्हर आणि बिनतारी मायक्रोफोन यांच्यासाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची परवानगी वेगळी. ज्या लहरी अमेरिकेत मोकळ्या असतात, त्या इथे दुसऱ्या कुणाला दिलेल्या असू शकतात.

मैदानावर आलात की मुंबईचं स्वतःचं गणित सुरू होतं. रेसकोर्स म्हणजे उघडी जमीन. लंडन किंवा टोकियोच्या अरीनात, म्हणजे बंदिस्त सभागृहात, छताला लटकवायच्या जागा आधीच ठरलेल्या असतात; रिगर, म्हणजे वजन टांगणारी माणसं, सकाळी येऊन जमिनीवर खडूने गोल काढतात, त्यात वजन आणि उंची लिहितात, आणि दोन तासांत चेन मोटर, म्हणजे साखळीने वजन उचलणाऱ्या मोटरी, वर चढू लागतात. रेसकोर्सवर वर आकाश आणि खाली माती. छप्पर आपलं, मनोरे आपले, वीज आपली, रस्तासुद्धा आपला, कारण मातीत क्रेनचं चाक रुतू नये म्हणून आधी लोखंडी पत्रे अंथरावे लागतात. शहरात गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना मनाई, त्यामुळे ट्रक रात्री आत घ्यायचे आणि त्यांचा क्रम चुकवायचा नाही. जे शेवटी लागणार ते आधी उतरलं, तर त्याला ठेवायचं कुठे?

मे महिना असेल तर वारा. १३ मे २०२४ ला वळवाच्या वादळात घाटकोपरचं होर्डिंग कोसळलं आणि १७ माणसं गेली. ती तारीख आमच्या धंद्यात कुणी विसरू नये. स्टेजच्या छपरावर वारामापक बसवतात आणि किती वेगाला काय करायचं ते अभियंत्याने आधी लिहून दिलेलं असतं: अमुक वेगाला पडदे खाली, तमुक वेगाला स्पीकर खाली, त्यापुढे मैदान रिकामं. मनोऱ्यांच्या पायाशी पाण्याच्या हजार-हजार लिटरच्या टाक्या दिसतात ना, त्या प्यायच्या पाण्यासाठी नसतात. प्रत्येकी एक टन वजन असतं ते, वाऱ्याने सांगाडा उचलू नये म्हणून. २०२५ मधे मुंबईत मोसमी पाऊस २६ मे लाच दाखल झाला, नोंदींतल्या सगळ्यात लवकरच्या तारखांपैकी एक. कार्यक्रम आणखी दहा दिवस पुढे असता, तर काय झालं असतं?

दुसरी अडचण रात्री दहाची. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. राज्य सरकार वर्षातले मोजके, जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस बहुतेक गणपती-नवरात्रीला जातात, आणि जायलाही हवेत. गन्स एन' रोझेस तीन तासांच्या आसपास वाजवतात. दहाला संपवायचं तर सातला सुरू करायला हवं. मे महिन्यात मुंबईत सूर्य सातच्या सुमारास मावळतो, म्हणजे पहिल्या काही गाण्यांना दिव्यांचा उपयोगच नाही. प्रकाशयोजना करणारा माणूस यावर हळहळतो आणि ते बरोबरच आहे. पण नियम मोडून आयोजकाने एकदा ती वेळ ओलांडली, तर पुढच्या बँडची परवानगी अडते. त्यामुळे मी दहा म्हणजे दहाच धरतो.

आवाजाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण प्रेक्षकाला ज्याचे पैसे मोजल्यासारखे वाटतात ते इथेच असतं. एवढ्या मैदानात मुख्य स्पीकरचा आवाज मागपर्यंत नीट पोचत नाही, म्हणून मधे मनोऱ्यांवर आणखी स्पीकर लावतात. त्यांचा आवाज मुद्दाम उशिराने सोडावा लागतो, नाहीतर मागच्या माणसाला प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो. ९० मीटरवरच्या मनोऱ्याला साधारण पाव सेकंद उशीर लागतो. आता गंमत बघा: आवाजाचा वेग हवेच्या तापमानावर बदलतो. दुपारी ३६ अंशांत मोजून ठेवलेला उशीर रात्री २८ अंशांत तीन-साडेतीन मिलिसेकंदांनी चुकतो. तेवढ्याने ठोका दोनदा ऐकू येणार नाही, पण झांजा आणि गिटारची धार बोथट होते. चांगला सिस्टिम इंजिनिअर म्हणूनच सूर्य मावळल्यावर पुन्हा चालत मागे जातो, ऐकतो आणि आकडे बदलतो. कोरड्या हवेत वरचे स्वर लवकर विरतात, त्यामुळे दिल्लीच्या कोरड्या हवेपेक्षा मुंबईचा दमटपणा झांजांना मानवतो. घाम येतो खरा, पण आवाज चांगला लागतो.

आणि वीज. अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरने बदलतं, हर्ट्झ बदलत नाहीत. बहुतेक यंत्रांना त्याचं काही वाटत नाही, पण हार्ड रॉकचं एक लाडकं वाद्य याला अपवाद आहे: जुना हॅमंड ऑर्गन. त्याच्या आतली चाकं विजेच्या लहरींशी बांधलेल्या मोटरवर फिरतात. अमेरिकी ऑर्गन आपल्या विजेवर लावला तर काळ्या-पांढऱ्या मिळून जवळपास तीन पट्ट्या खाली वाजतो. सगळा बँड एका सुरात आणि ऑर्गन भलत्याच! त्यासाठी फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टर वेगळा मागवावा लागतो. ८ एप्रिल १९९५ ला डीप पर्पल मुंबईत वाजवून गेले, ऑर्गनवर जॉन लॉर्ड होते. त्या काळात इथे अशा यंत्रांची भाड्याची बाजारपेठ आजच्यासारखी नव्हती. तेव्हाच्या आयोजकांनी आणि मंडपवाल्यांनी जे उभं केलं, त्याच्यावर आज आम्ही उभे आहोत.

सुरक्षेबद्दल मी कुणाचीही भीड ठेवत नाही. २० ऑगस्ट १९८८ ला इंग्लंडमधे डॉनिंग्टनच्या मैदानावरच्या महोत्सवात गन्स एन' रोझेस वाजवत असताना पुढच्या गर्दीत दोन तरुण चेंगरून मेले. पुढच्या वर्षी तो महोत्सव झालाच नाही. आज स्टेजसमोर जो लोखंडी कठडा असतो, त्याच्या खालच्या पत्र्यावर पहिल्या रांगेतला प्रेक्षक स्वतः उभा असतो. मागून रेटा आला की त्याचंच वजन कठड्याला जमिनीशी दाबून धरतं. रस्त्यावरचं साधं पोलिसी बॅरिकेड असं काम करत नाही, ते रेट्याने आडवं होतं. ऑक्टोबर २०११ मधे गुडगावला मेटॅलिकाच्या कार्यक्रमाआधी पुढचा अडथळा कोसळला, कार्यक्रम आधी पुढे ढकलला आणि मग रद्द झाला, चिडलेल्या गर्दीने स्टेजची नासधूस केली. दोनच दिवसांनी बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंडवर तोच बँड, तसेच भारतीय चाहते, आणि कार्यक्रम सुरळीत पार पडला. म्हणून कुणी 'आपल्या लोकांना शिस्त नाही' म्हणालं की मी हे उदाहरण देतो. चाहते तेच होते. फरक होता तो व्यवस्थेत.

तुम्हाला एकच घटना अभ्यासायची असेल तर ८ ऑगस्ट १९९२ चं माँट्रियल घ्या. मेटॅलिका आणि गन्स एन' रोझेस एकत्र दौरा करत होते. मेटॅलिकाच्या वेळी स्टेजवरच्या आगीच्या झोतात त्यांचा गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्ड सापडला आणि हात गंभीर भाजला. आगीचे नवे झोत जुन्यांच्या जोडीला लावले होते, आणि ते नेमके कुठे याबद्दल गैरसमज राहून गेला होता. मेटॅलिकाला थांबावं लागलं. इथे सगळ्यांना वाटतं की दुसऱ्या बँडने पटकन यावं. पण स्टेज बदलायला लागणारा वेळ आरडाओरड्याने कमी होत नाही. गन्स एन' रोझेस बऱ्याच उशिराने आले, तरी मॉनिटर नीट लागलेले नव्हते. मॉनिटर म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर. ते नसले तर गायक ओरडतो आणि गळा जातो. अ‍ॅक्सल रोझ ठरल्यापेक्षा बराच आधी स्टेज सोडून गेला आणि बाहेर दंगल पेटली. लोक आजही फक्त त्यालाच दोष देतात. त्याचं निघून जाणं मला योग्य वाटत नाही, तरीही त्या रात्रीची सुरुवात आगीच्या झोतांबद्दलच्या एका अर्धवट संवादापासून झाली हे विसरता कामा नये. आज आग सोडणाऱ्याच्या हातात असं बटण असतं की ते दाबून धरलं तरच आग निघते, आणि कलाकार जागेवर नाही असं दिसलं की तो हात सोडतो. मेटॅलिका २५ ऑगस्टला फीनिक्समधे पुन्हा उभे राहिले. हेटफिल्डने फक्त गायलं, गिटार त्याच्याऐवजी जॉन मार्शलने वाजवली.

शरीर हा दौऱ्यातला सगळ्यात नाजूक सुटा भाग. मार्च २०१६ मधे एसी/डीसी या बँडचा गायक ब्रायन जॉन्सन याला कायमचं बहिरेपण येण्याच्या धोक्यामुळे दौरा मधेच थांबवावा लागला. उरलेल्या कार्यक्रमांना गायला अ‍ॅक्सल रोझ आला, आणि त्याचाही पाय मोडलेला होता. ७ मे २०१६ ला लिस्बनमधे तो खुर्चीत बसून एसी/डीसीची गाणी गायला. ती खुर्ची फू फायटर्स बँडच्या डेव्ह ग्रोलची. आदल्या वर्षी स्वतःचा पाय मोडल्यावर त्याने बनवून घेतलेली. अशा प्रसंगांसाठीच कार्यक्रम रद्द होण्याचा विमा असतो आणि त्याचा हप्ता तिकिटात असतो.

तिकिटाकडे येऊ. ५००० रुपयांचं तिकीट धरा. ५०० रुपयांवरच्या मैफलीच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ७६३ रुपये सरकारकडे गेले आणि आयोजकाच्या हातात ४२३७ उरले. बँडची हमी रक्कम डॉलरमधे, अर्धी आधी आणि उरलेली स्टेजवर चढण्यापूर्वी. परदेशी कलाकाराच्या मानधनावर २० टक्के प्राप्तिकर कापावा लागतो, आणि करार बहुतेक वेळा 'कर वजा जाता इतके हातात' असा असतो. म्हणजे बँडला १०० द्यायचे तर आयोजकाला १२५ उभे करावे लागतात, अधिभार वेगळा. मग विमानं, मैदानाचं भाडं, जनरेटर, पोलीस बंदोबस्त, गाण्यांचे हक्क, फायर ब्रिगेड, महापालिका. सगळी तिकिटं खपली तरच दोन पैसे सुटतात. आयोजक लुटतो असं म्हणणाऱ्यांनी एकदा हिशेबाची वही बघावी.

बँडच्या बाजूने मात्र पैसा प्रचंड आहे, शिस्त असेल तर. गन्स एन' रोझेसचा २०१६ ते २०१९ चा पुनर्मिलनाचा दौरा १५८ कार्यक्रमांत ५८ कोटी ४० लाख डॉलरच्या वर गेला. याच बँडचा १९९१ ते १९९३ चा दौरा लोकप्रियतेत कुठेच कमी नव्हता, पण उशिरा सुरू होण्याचे दंड, जादा तासांचे पगार आणि कार्यक्रमानंतरच्या महागड्या मेजवान्या यांत कमाईचा मोठा भाग वाहून गेला. जुलै १९९१ मधे सेंट लुईसजवळ दंगल झाली, सामान फुटलं आणि पुढचे कार्यक्रम रद्द करावे लागले. गाणी तीच होती. बदलली ती दौरा चालवण्याची पद्धत.

मग भारत का सुटतो? जून ते सप्टेंबर आपल्याकडे पाऊस आणि नेमका तोच युरोपच्या महोत्सवांचा हंगाम. मार्चअखेर ते मे महिन्याच्या शेवटापर्यंत स्टेडियम आयपीएलकडे. उरला नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिकेत उन्हाळा असतो, बँड तिकडे वळतात. या काळात ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर आपण बसू शकतो, पण त्यासाठी मुंबईत किंवा पुण्यात अशी जागा हवी की जिथे छताला वजन टांगता येईल, ट्रक थेट स्टेजपर्यंत येईल आणि दार बंद केलं की आवाज बाहेर जाणार नाही. बंदिस्त जागेला रात्री दहाच्या नियमाची धास्ती नसते. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर जानेवारी २०२५ मधे कोल्डप्लेने तीन रात्री वाजवलं. एकदा उभारलेलं स्टेज तीन रात्री वापरलं की प्रत्येक रात्रीचा खर्च एकदम उतरतो. हार्ड रॉकला तीन रात्री भरतील इतके प्रेक्षक इथे आहेत का? दोन रात्रींचे नक्की आहेत, असं माझं मत आहे, आणि कुणीतरी ती जोखीम घ्यावी अशी मनापासून इच्छा आहे.

शेवटचा प्रश्न, शिरायचं कसं. बँडच्या जवळ जायचं म्हणून या क्षेत्रात येऊ नका. बँड तुम्हाला लांबूनच दिसेल. मुंबई-पुण्यात साउंड, लाइट आणि ट्रसिंग (दिवे-स्पीकर टांगायचा धातूचा सांगाडा) भाड्याने देणाऱ्यांची गोदामं आहेत, तिथे केबल गुंडाळण्यापासून सुरुवात करा. केबल नीट गुंडाळता येते की नाही यावरून पहिल्या तासात माणूस ओळखला जातो. उंचीची भीती नसेल तर रिगिंगचं रीतसर प्रशिक्षण घ्या, पट्टा बांधल्याशिवाय एक पायरीही चढू नका. इलेक्ट्रिकल डिप्लोमा केलेल्यांना जनरेटर आणि वीजवितरणात कायम काम असतं, कारण तिथे परवाना लागतो आणि तो असलेली माणसं कमी आहेत. वाणिज्य शाखेचे असाल तर कार्ने, कस्टम आणि करकपात शिका. त्या खुर्चीत बसणारे मला वर्षानुवर्षं पुरेसे सापडलेले नाहीत. इंग्रजी मोडकंतोडकं चालेल, पण वॉकीटॉकीवर ऐकलेली सूचना परत म्हणून दाखवायची सवय लावा. आणि पावसाळ्यात कामं कमी असतात, गोदामात मोटरींची दुरुस्ती चालते, तेव्हा जा. शिकवायला त्या दिवसांत लोकांकडे वेळ असतो.